उजव्या चाकावरची लाल रेघ

अण्णा गेल्यावर त्यांची गाडी आपणच दुरुस्त करायची, अशी मला हुक्की आली. अण्णा म्हणजे माझे वडील. बेळगावाहून आले ते इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतच फिटर म्हणून राबले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस. पण फोनवर चार व्हिडिओ बघितले की आपल्यालाही वाटायला लागतं, त्यात काय मोठंसं.

पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले होते आणि डावं चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक खडखडत होतं. एका रविवारी सकाळी यशवंतपूरच्या घरासमोर जॅक लावला आणि डाव्या बाजूने सुरुवात केली. दांड्यावर लाल काहीतरी वाळलेलं दिसलं. खंडेनवमीचं कुंकू असणार, म्हटलं. आमच्याकडे त्या दिवशी कुंकवातून काहीच सुटत नाही. गाडीची चाकं, आईचा मिक्सर, माझा लॅपटॉपसुद्धा. पेट्रोलचा बोळा घेऊन घासघास घासलं. कुंकू एवढं चिवट कसं, असं वाटलं खरं, पण थांबतो कोण. जुनं टोक फिरवून काढलं, नवं बसवलं. किती आटे फिरवले तेही मोजलं नाही.

मग उजव्या चाकापाशी गेलो. तिथेही लाल होतं, पण तो बोटाने लावलेला टिळा नव्हता. नटावरून थेट दांड्यावर गेलेली एकच बारीक रेघ होती, ऑइल पेंटची.

दर खंडेनवमीला पूजेच्या आधी अण्णा गाडीच्या बाजूने दोरी ताणून पुढची चाकं सरळ करायचे. दोरीचं मागचं टोक माझ्याकडे असायचं. ते एक डोळा मिटून बघायचे, गाडीखाली शिरून नट आवळायचे, पुन्हा बाहेर येऊन बघायचे. "हलू नको की रे," एवढंच काय ते बोलणं. मी एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभा. सगळं झाल्यावर ते गाडीखाली आणखी थोडा वेळ असायचे. तेव्हा ही खूण करत असणार, पुढे नट सरकला तर कळावं म्हणून. मी एकदाही वाकून बघितलं नाही, अण्णा काय करताय म्हणून विचारलं नाही.

त्यांनी स्वतःच्या हाताने लावून ठेवलेलं या गाडीत एवढंच उरलं होतं, आणि त्यातलं अर्धं मी पेट्रोलने पुसून टाकलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. तिथेच पाना हातात धरून बसलो आणि रडलो. उजवीकडचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलला, पण त्या नटाला पाना लावला नाही.

गाडी आता डावीकडे ओढायला लागली होती. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंटच्या दुकानात नेली. मिस्त्रीने चाकांना मशीन लावली, पडद्यावरचे लाल आकडे दाखवले आणि म्हणाला, दोन्ही बाजूंचे नट सोडावे लागतील. मी म्हटलं, जे काय फिरवायचं ते डावीकडे फिरवा, उजवीकडे हात लावायचा नाही. त्याने मला खुळ्यात काढलं आणि कानडीत म्हणाला,

"स्टिअरिंग स्वल्प सोट्ट बरत्ते, सर."

गाडी सरळ जाईल, टायरही झिजणार नाहीत, पण स्टिअरिंग वाकडं राहील, एवढंच त्याचं म्हणणं.

"परवागिल्ल," मी म्हटलं. चालेल, वाकडं तर वाकडं.

तेव्हापासून सरळ रस्त्यावरही माझं स्टिअरिंग जरासं कलंडलेलं असतं. गाडीत बसणारा प्रत्येक जण ते दाखवून देतो आणि मी दर वेळी चिडतो. परवा आईला देवळात घेऊन निघालो होतो. तिचंही लक्ष गेलंच. तिला मात्र सगळं सांगितलं, पुसलेलं आणि राखलेलं.

ती म्हणाली, "त्यांना असलं वाकडं कधी खपलं नाही बघ. असते तर आधी तुला ओरडले असते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ओरडायला तरी यावं की त्यांनी."