क्रेनला टांगलेला नारळ

आमच्या मिठबावचा बाबली मुंबईत खेळण्यांच्या दुकानात होता. भोकांच्या लोखंडी पट्ट्या, चाकं आणि स्क्रू जोडून क्रेन, पूल, पाळणे उभे करायचे आणि त्यांत विजेची छोटी मोटर बसवायची, हे त्याचं काम. काचेमागे हलणारी ती खेळणी बघायला रस्त्यावरची माणसं थांबत. त्याचे वडील दाजी मात्र गावात मुलगा कंपनीत आहे एवढंच सांगत.

एकसष्ट साली कार्तिकातल्या जत्रेला बाबली आला, तो ट्रंकेत अर्धवट क्रेन घेऊन. नाताळच्या आत ती पुरी करून न्यायची होती, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस येणार होता. इकडे दाजींचे गुडघे गेलेले. देवीची तरंगकाठी, म्हणजे सणाला देवीच्या नावाने मिरवायची वस्त्रं नेसवलेली उंच काठी, धरायचा मान त्यांच्या घराण्याचा आणि बाबली एकुलता एक. त्याने आता गावातच राहावं, असं दाजींनी ठरवून टाकलं होतं. वाद वाढला तेव्हा ते म्हणाले, देवीला कौल लावू.

कौलात मूर्तीला पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबलीला पाकळीचा भरवसा वाटेना. त्याने सुचवलं, देवीपुढचा नारळ माझी क्रेन उचलील. टोकाला पोचला तर मी जाईन, खाली आला तर राहीन. गावकऱ्यांना गंमत वाटली. दाजीही कबूल झाले.

बाबलीने घरी करून पाहिलं होतं. मोटर भराभर फिरते, पण तिला जोर नसतो. दात्यांची चाकं जोडली की वेग उतरतो आणि जोर येतो. त्यात त्याने पेचाचा दांडा बसवला होता, म्हणजे मोटर थांबली तरी ओझं खाली घसरत नाही.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून येईल त्याला तो क्रेन चालवून दाखवत होता. इतकं कौतुक गावात त्याचं कधी झालं नव्हतं. गावात वीज नव्हती, मोटर टॉर्चच्या सेलांवर चाले. शेजारच्या हौसाबाईने तर आपला पानाचा डबासुद्धा क्रेनकडून उचलून घेतला.

दुपारी देवीला गाऱ्हाणं घालून कौल मागितला. नारळ आकड्याला लावला. तो हळूहळू निम्म्यापर्यंत चढला आणि मोटर बंद पडली. नारळ तिथेच राहिला.

"दाजी, शेल संपले," बाबली म्हणाला. "नये घातले की नारळ वर जातलो."

"देवीच्या नारळाक आता हात लावू नको."

"मगे माका काय समजाचा?"

"वर गेलो नाय, खाली पडलो नाय. देवी अजून इचार करता," दाजी म्हणाले. कुणीतरी हसलं. पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं ठरलं.

क्रेन सभामंडपात तशीच राहिली. नाताळ गेला, मुंबईची जागा गेली. बाबली टॉर्च आणि स्टोव्ह दुरुस्त करू लागला. शिमग्यात तरंगकाठी घेऊन तो देवळातून निघाला, तेव्हा मी शेजारी चालत होतो. क्रेनपाशी त्याची पावलं जराशी अडखळली. नवे सेल अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते.

"नारळ पडलो असतो तरी बरा झाला असता," तो मला म्हणाला.