मस्कतच्या समुद्रकाठची दफनभूमी आणि दादामामाची हाक

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायला जाणाऱ्यांपैकी मी. फार्मासिस्ट आहे, नवऱ्यासोबत मस्कतला अझैब्यात राहते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

गेल्या जानेवारीत वसईहून आई आली. तिला एकच करायचं होतं – भावाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. दादामामा मालवाहू जहाजावर खलाशी होता. विशीतच तापाने गेला आणि इथेच पुरला गेला, एवढाच निरोप घरी आला होता. आजीने तो कधीच मानला नाही. मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची.

चर्चमधल्या फादरनी सांगितलं, "आता दफन दुसरीकडे होतं. ती जुनी जागा खलाशांची. जहाजावर कुणी गेलं की तिथे पुरायचे – कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळे शेजारी शेजारी. बऱ्याच कबरींवर नावंच नाहीत. आणि रस्ता नाही हं, बोटीनेच जावं लागेल."

सकाळी जुन्या मस्कतकडून बोट केली. नाखवा सालिम, वयस्कर ओमानी, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. तिन्ही बाजूंना उभे काळे डोंगर, समोर समुद्र, मध्ये वाळूचा तुकडा आणि पांढरे क्रॉस. दुसरं चिटपाखरू नव्हतं.

आई एकेका दगडावरून हात फिरवत होती. अक्षरं केव्हाच झिजलेली. शेवटी ती वाळूत बसली. "चल गं. कुठेही लावू मेणबत्ती. देवाला कळेल."

तेवढ्यात डोंगराच्या बाजूने स्पष्ट हाक आली – "ए चिंबोरी!"

मला वाटलं, भास. पण बोटीतून सालिम ओरडला, "मदाम, कौन बुलाया? चिंबोरी क्या है?"

आई उठून सरळ कड्याजवळच्या एका बिननावाच्या क्रॉसपाशी गेली. मेणबत्ती लावली. वारा होता, तरी ती जळत राहिली... कड्याचा आडोसा असेल. त्याचं मला काही नाही.

परतताना मी विचारलं, "चिंबोरी कोण?"

"मी. लहानपणी खेकड्यासारखे चिमटे काढायचे ना, म्हणून दादा म्हणायचा. तो गेल्यावर घरात कुणी तो शब्द काढला नाही."

नवरा म्हणतो, वारा असेल. वाऱ्याला मराठी येतं? आणि सालिमलाही तोच शब्द कसा ऐकू आला? बरं, ती कबर मामाचीच, याला तरी पुरावा काय? काहीच नाही.

"भीती नाही वाटली?" मी आईला विचारलं.

ती हसली. "भीती कसली? आवाज ऐकलास ना? म्हाताऱ्याचा होता."

खरंच होता. थकलेला, जरासा घोगरा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा.

"म्हणजे तोही माझ्याबरोबर म्हातारा झाला गं," आई म्हणाली आणि किनारा येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिली.