शून्याने भागलेली ओळ

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय, पंखा आपल्या मर्जीने फिरतोय, आणि प्रमिलाबाई घोडके नववीचे बीजगणिताचे पेपर तपासता तपासता कॉटवरच कलंडतात. लाल बॉलपेन हातात तसंच. एक डोळा मिटलाय, दुसरा अजून कुणा मुलीला अर्धा गुण द्यावा की नाही या विचारात आहे. गठ्ठ्याच्या तळाशी एक पुरवणी आहे, ती कुठल्याच मुलाची नाही. तिच्यावर बाईंनी स्वतःच पाच ओळी लिहून ठेवल्यात, आणि रोज त्या वाचून त्या स्वतःला छळून घेतात.

दुसराही डोळा मिटतो, आणि गिरणीचा पट्टा फिरू लागतो.

गडहिंग्लजच्या बाजारातली गिरणी. डबे रांगेत लावलेत, पण दळण घेऊन आलेली माणसं शाळेच्या बाकांवर बसलीत, आणि शेहेचाळीस वर्षांच्या प्रमिलाबाई दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर. दर लिहायच्या फळ्यावर त्यांचे शाळेतले गणिताचे उमराणीकर सर लिहिताहेत. सदऱ्यावर पीठ पडलंय की खडू, ते कळत नाही. सरांना जाऊन सोळा दिवस झाले हे बाईंना इथेही ठाऊक आहे. पण तास चालू असताना असलं कसं बोलायचं?

शनिवार असणार, कारण फळ्यावर खोटी सिद्धता आहे. सरांचा तो नेमच होता. शनिवारच्या शेवटच्या तासाला ते दोन बरोबर एक असं बिनचूक सिद्ध करून दाखवायचे आणि खुर्चीत बसून शेंगदाणे खायचे. ज्याला चूक सापडेल त्याने तोंडातून अक्षर न काढता उठायचं, त्या ओळीपुढे लाल खडूचा ठिपका द्यायचा आणि जागेवर यायचं. बोललं की बाकीच्यांची शोधायची मजा जाते, असं सरांचं म्हणणं.

समजा, अ आणि ब सारखे. मग गुणा, वजा करा, अवयव पाडा, दोन्ही बाजूंना (अ − ब) ने भागा. झाले दोन बरोबर एक. चौदा वर्षांच्या प्रमिलाने यात पहिल्यांदा ठिपका दिला होता तो भागाकाराच्या ओळीला. अ आणि ब सारखे, मग तो कंस म्हणजे शून्यच की. शून्याने भागायचं नसतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण कंसाचा सदरा घातला की शून्यही सभ्य गृहस्थासारखं दिसतं, असं सर म्हणायचे.

ती ठिपका द्यायला उठते, आणि फळा नाही. सरांच्या घरापुढचा कट्टा आहे. चहाचे दोन कप आहेत, एकावर साय धरलीय. सरांच्या हातात ती पुरवणी आहे.

"सर, ती नका वाचू."

"गुण द्यायचे नाहीत गं. नुसती बघतो."

सर मोठ्याने वाचतात. एक, सरांनी मंगळवारी फोन करून बोलावलं. दोन, त्यांना बरं नव्हतं म्हणूनच बोलावलं. तीन, गेले असते तर माझ्या लक्षात आलं असतं, मी दवाखान्यात नेलं असतं. चार, मी रविवारी येते म्हणाले आणि लगेच गेले नाही. आणि खाली, म्हणून: शुक्रवारी सर गेले ते माझ्यामुळे.

"मांडणी छान आहे," सर म्हणतात आणि खिशातून लाल खडू काढून तिच्या हातात देतात.

ती सरळ शेवटच्या ओळीकडे हात नेते. सर मान हलवतात. उत्तर वाईट दिसतं म्हणून उत्तराला ठिपका द्यायचा नाही, हे त्यांनी वर्गात शंभरदा सांगितलंय. हात चौथ्या ओळीवर येतो. सर तिचं मनगट धरतात. त्यांची बोटं उबदार आहेत, आणि बाईंना रडू फुटतं.

"ती बरोबर आहे," सर म्हणतात. "तू आली नाहीस. रविवार म्हणाली होतीस, तरी मी गुरुवारीसुद्धा चहा दोन कप टाकला. ती खोडू नकोस."

त्यांना बरं नव्हतं ना मंगळवारी, एवढंच ती विचारते.

"मंगळवारी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि नवी सिद्धता जुळवली. चूक अशी लपवली होती की तूसुद्धा तासभर बसली असतीस. कधी एकदा तुला फसवतोय असं झालं होतं मला." सर हसतात. "शुक्रवारी जे झालं ते मंगळवारी मलाच ठाऊक नव्हतं. तुला कुठून दिसणार होतं?"

ती दुसऱ्या ओळीपुढे ठिपका देते. नेमाप्रमाणे, काही न बोलता. मागे वळते तर कट्ट्यावर पीठ सांडलंय आणि गिरणी बंद पडलीय.

खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते. बाई उठून बसतात. बॉलपेन घरंगळून कॉटखाली गेलंय. गठ्ठ्याच्या तळाची पुरवणी त्या ओढून काढतात. दुसऱ्या ओळीपुढे लाल ठिपका आहे. झोपेत पेन लागलं असेल, असं म्हणून त्या त्यावर अंगठा फिरवतात, तर ठिपका फासला जातो आणि अंगठ्याला लाल भुकटी लागते. शाळेत पांढरे फळे येऊन सहा वर्षं झाली. घरात खडूचा तुकडाही नाही.

चौथ्या ओळीपुढे काहीच नाही. बाई ती नीट वाचतात, आणि सोळा दिवसांत पहिल्यांदा फक्त तेवढ्या ओळीसाठी रडतात.