सातव्या बाटलीचा पेपर

अकोल्यातल्या त्या सात बाटल्या मी अजून विसरलेलो नाही. शेतीवर संकट आलेली ती वर्षं. विषप्राशनाच्या नोंदींनी आमची स्टेशन डायरी भरून जायची. म्हणून एक भंगारवाला दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून ठाण्यात आला, तेव्हा मला वाटलं कीटकनाशकच असणार. त्यालाही तेच वाटलं होतं.

"साहेब, एका खालाच्या घरून रद्दी उचलली, त्यात हे निघालं. जहर असन तर मी काहून जवळ ठेवू?"

बाटल्यांत हिरवट काळा, घट्ट अर्क होता. चिठ्ठीवर गांजाचं शास्त्रीय नाव आणि एक क्रमांक.

पंच आणि महिला शिपाई घेऊन त्या घरी गेलो. औषधशास्त्राचे एक प्राध्यापक तिथे राहत. सहा महिन्यांपूर्वी ते वारले होते आणि साठी ओलांडलेल्या त्यांच्या पत्नी एकट्याच होत्या. सारा मोहल्ला त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. ट्रंकेत आणखी पाच बाटल्या सापडल्या. पंचनामा केला, मुद्देमालाला लाखेचं सील लावलं. वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं, "घर तिचं, ताबा तिचा. अटक करा." मी चार दिवस मागून घेतले.

पहिले तीन दिवस प्राध्यापकांच्या महाविद्यालयात गेले. गांजातली द्रव्यं मेंदूवर काय काम करतात, यावर प्राध्यापकांचं संशोधन होतं आणि त्यासाठी गांजा सरकारी परवानगीनेच मिळायचा, एवढं तिथे मान्य होतं. पण इमारत बदलताना साठ्याचं रजिस्टर गहाळ झालेलं. ते नेमकं काय शोधत होते, हे एकालाही सांगता येईना.

चौथ्या दिवशी खालांचा जबाब घ्यायला बसलो. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी त्यांना शेवटी ठेवलं होतं. त्यांनी एक गाठोडं सोडलं. नवऱ्याचे छापून आलेले सगळे पेपर त्यांनी सुईदोऱ्याने शिवून ठेवले होते.

"हा भीतीचा," त्या एकेक पुढे ठेवत म्हणाल्या. "उंदराले आवाजाची भीती बसवायची, मंग दवा देऊन पाहायचं, भीती जाते का. हा दुखण्याचा. हा तीनदा वापस आला, तवा ते धड जेवत नव्हते."

"आणि बाटल्या घरी कशा आल्या?"

"नव्या इमारतीत जागा नाई म्हणे, फेकून देणार होते. यांनी स्कूटरवर आणल्या. मी बोलली, काहून आणल्या? तर म्हणे, माझी सारी उमर हाय त्यात."

ते गाठोडं घेऊन मी त्याच दुपारी अमरावतीला एका औषधशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे गेलो. त्यांनी प्रत्येक पेपरात बोट ठेवून दाखवलं: परवानगीचा क्रमांक, नमुन्याचा क्रमांक. सहा बाटल्या जुळल्या. सातवीचा क्रमांक मात्र कुठल्याच पेपरात नव्हता. परवानगीबाहेरची ती एक बाटलीही खालांना कोठडीत न्यायला पुरेशी होती.

परत अकोल्याला आलो आणि खालांनाच विचारलं.

"तो छापलाच नाई, साहेब," त्या म्हणाल्या. "फेफऱ्यावर दवा देऊन पाहिली, असर झाला नाई. दोन वर्षं गेली. म्हणे, नाई झालं हे बी लोकाइले कळलं पाहिजे. पाठवला, तर वापस आला. मले म्हणे फेकून दे. मी नाई फेकला."

शिलाई मशीनच्या खणातून त्यांनी एक पाकीट काढलं. नकाराच्या पत्राखाली टाइप केलेला अख्खा पेपर होता. दुसऱ्याच पानावर परवानगीचा आणि सातव्या बाटलीचा क्रमांक मिळाला.

सातही बाटल्या परवानगीच्या संशोधनातल्या आहेत, हा माझा अहवाल न्यायालयाने स्वीकारला. बाटल्या आदेशाप्रमाणे नष्ट झाल्या, खालांवर गुन्हा राहिला नाही.

त्यांचा जबाब मी त्यांना वाचून दाखवला तो क्षण सांगायला हवा. मी लिहिलं होतं, 'पतीचे अयशस्वी संशोधन'. त्यांनी उर्दूत सही करायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"अयशस्वी लिहू नका, साहेब. असर झाला नाई, असं लिहा."

मी ते शब्द खोडले, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, बाजूला दुरुस्तीची सही केली. महाविद्यालयात तीन दिवस हिंडून जे कळलं नाही, ते या बाईंना पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, घरातल्या बाईचा जबाब मी कधीही शेवटी ठेवला नाही.