एकोणीस टॅब्लेट, एक गोल

एर्मेलिंदा आकुन्या अकरा वर्षं हंगामी शिक्षिका होती. दर फेब्रुवारीत नेमणुकांची यादी लागायची आणि ती आपलं नाव खालून वर शोधत जायची. वरून वाचायला घेतलं तर फार लवकर आशा वाटू लागते, हे तिला पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं. पोत्रेरो-मीच्या शाळेत एक खोली, एक आंब्याचं झाड, सहा इयत्ता आणि एकोणीस मुलं. हे सगळं तिचंच होतं, फक्त कागदावर नव्हतं.

त्या वर्षी कागद बदलायची संधी आली. नमुना पाठ घ्यायचा, सुपरवायझर मागे बसून गुण देणार. शंभरात ऐंशी मिळाले की नोकरी कायम. एकोणऐंशी मिळाले तर जागा खुल्या परीक्षेला जाणार, आणि तिथे मोटरसायकलवरून येणारी पंचविशीतली पोरं तिची वाटच बघत होती. पाठात शिकण्याचे सिद्धांत दिसले पाहिजेत आणि तंत्रज्ञानही दिसलं पाहिजे, अशी अट होती.

सिद्धांतांसाठी तिने सहा शनिवार घालवले. जिल्ह्याच्या गावी विल्बेर्तो नावाचा एक तरुण भिंतीवर परदेशी पंडितांची चित्रं टाकायचा आणि शिकवायचा. एर्मेलिंदा सगळं लिहून घ्यायची आणि सोमवारी वर्गात करून बघायची.

पहिला सिद्धांत असा, की बरोबर उत्तर आलं की लगेच बक्षीस द्यावं. तिची आत्या तोमासा चिपा भाजायची. चीज घातलेल्या त्या खमंग कड्यांचे तुकडे करून एर्मेलिंदा डब्यात घेऊन गेली. पहिले दोन दिवस हात असे वर झाले की छप्पर उडेल असं वाटलं. गुरुवारी तिने पाचवीतल्या ब्लासला नऊ साते विचारले. ब्लासची आई बसथांब्यावर चिपा विकायची.

"बाई, हे उत्तर किती तुकड्यांचं?" ब्लासने विचारलं.

"आधी उत्तर दे."

"आई म्हणते, भाव ठरल्याशिवाय टोपलीवरचं फडकं काढायचं नाही."

डबा बंद झाला. उरलेली अख्खी कडी तिने अपूर्णांकांसाठी वापरायला काढली, तर पहिलीतली नोएमी म्हणाली, "बाई, चार जणांना पाव-पाव चिपा दिला, मग मधलं भोक कुणाला?" त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती दूध प्यायच्या सुट्टीपर्यंत संपली नाही.

दुसरा सिद्धांत म्हणे मुलांना ज्ञान आयतं देऊ नये, त्यांना शोधू द्यावं. मुलांनी संडासाच्या छपरात गांधीलमाश्यांचं पोळं शोधलं. चौघांचे गाल सुजले. एर्मेलिंदाने टाचणवहीत लिहिलं: निरीक्षण, अंदाज, पडताळा.

जे मुलाच्या हाताला जरासाठी लागत नाही ते मोठ्याच्या मदतीने लागतं, हा तिसरा. हा तिला मनापासून पटला आणि तिने मोठ्या मुलांना धाकट्यांच्या मदतीला बसवलं. आठवड्याने वह्या तपासल्या, तर धाकट्या सहा जणांचं अक्षर एकच होतं आणि चुकाही त्याच होत्या. मदत चोख झाली होती.

मग एकोणीस टॅब्लेटची नारिंगी पेटी आली. त्यांत अपूर्णांकांचा एक खेळ होता, पिझ्झ्याचे तुकडे करायचा. बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की गाढवासारखा आवाज. प्रत्येक मूल एकटं, आपापल्या वेगाने. एर्मेलिंदाने चौदा पानी पाठाचं टाचण काढलं, तिन्ही सिद्धांतांची नावं लाल शाईने लिहिली आणि सरावासाठी एक टॅब्लेट घरी नेला.

संध्याकाळी आत्याच्या अंगणात नेहमीसारखा तेरेरेचा गोल बसला होता. सगळ्यांत लहान असेल त्याने शिंगाच्या पेल्यात येर्बाच्या पानांवर गार पाणी ओतायचं, पेला एकाला द्यायचा, त्याने नळीने ओढून रिकामा परत करायचा, की पुन्हा भरून पुढच्याला. कुणाला वगळायचं नाही, कुणी रांग मोडायची नाही. एर्मेलिंदाच्या हातात पेला आला आणि ती आत्याला तिसरा सिद्धांत समजावू लागली.

आत्याने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, तो माइक नाही. पी आणि परत कर."

गोल हसला. गावात पेला धरून बोलत बसणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकावं लागे. पाद्रीबुवांनाही एकदा ऐकावं लागलं होतं.

पाठाच्या दिवशी सकाळी सातला सुपरवायझर मिर्ता बोगारिन जीपमधून उतरल्या. इस्त्रीचा ब्लाउज, हातात फॉर्म, कपाळावर लाल धूळ. त्याच क्षणी एर्मेलिंदाने नारिंगी पेटी उघडली. समोरच्या दुकानदाराने आइस्क्रीमच्या नव्या फ्रीझरसाठी शाळेच्या खांबावरून गुपचूप वायर ओढली होती आणि टॅब्लेट चार्ज व्हायच्या आत रात्रीच शाळेचा फ्यूज उडाला होता. पेटीतले अठरा टॅब्लेट मेलेल्या माशांच्या डोळ्यांसारखे तिच्याकडे बघत राहिले. जिवंत होता फक्त तिच्या पिशवीतला, घरी चार्ज झालेला.

एकोणीस मुलं, एक टॅब्लेट. चौदा पानांत याच्यावर एक ओळ नव्हती. अकरा फेब्रुवारी तिच्या डोळ्यांसमोरून गेले, एकामागून एक, खालून वर.

"सुरू करायचं का, बाई?" सुपरवायझरनी घड्याळ बघितलं.

एर्मेलिंदाच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवलेलं नव्हतं. "खुर्च्या उचला. आंब्याखाली गोल करा. नोएमी, तू सगळ्यांत लहान. तू वाढ."

मुलांना आणखी काही सांगावं लागलं नाही. नोएमी मधे बसली. ती पडद्यावर नवं गणित काढायची, टॅब्लेट पहिल्याला द्यायची. तो सोडवायचा, परत करायचा, ती पुढचं काढून पुढच्याला. कुणी हिसकावलं नाही. टॅब्लेट ज्याच्या हातात असे त्याच्या खांद्यावरून दोन्हीकडचे डोकावायचे आणि कुजबुजायचे, आणि गाढव ओरडलं की गोल हसायचा, ज्याचं चुकलं त्याच्यासकट. पहिली फेरी संपत आली. पाळी सुपरवायझरच्या खुर्चीपाशी आली. त्यांना वाटलं होतं आपण बाहेर बसलो आहोत. पण खुर्ची गोलातच होती. गोल कुणाला वगळत नाही. नोएमीने टॅब्लेट त्यांच्या हातात ठेवला.

मिर्ताबाईंनी तो छातीशी धरला आणि एर्मेलिंदाकडे वळल्या. "बाई, मी मध्येच बोलतेय, पण सूचना स्पष्ट आहेत. प्रत्येक मुलाला स्वतंत्र उपकरण. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. असं सामुदायिक वापरात आलं, तर प्रगतीची नोंद वैयक्तिक पातळीवर..."

"सुपरवायझरबाई," नोएमी म्हणाली, "तो माइक नाही. सोडवा आणि परत करा."

एर्मेलिंदाने या मुलीला पेन्सिल धरायला शिकवलं, रांगेत उभं राहायला शिकवलं, आणि हे मात्र तोमासा आत्याने शिकवलं होतं.

मिर्ताबाईंचे कान लाल झाले. पण त्या मूळच्या अशाच एका अंगणातल्या असाव्यात, कारण त्यांनी मान खाली घातली आणि पडदा बघितला. पाऊण पिझ्झ्याचा अर्धा किती? त्यांनी घाईत सहा अष्टमांशवर बोट ठेवलं.

गाढव ओरडलं.

कुणी हसलं नाही. तेच जास्त वाईट होतं. शेवटी शेजारी बसलेला ब्लास खाली वाकून म्हणाला, हळू, गिऱ्हाइकाला सांगावं तसं: "बाई, सहा अष्टमांश म्हणजे पहिलाच पाऊण की. तुम्ही अर्धा केलाच नाहीत, नुसते तुकडे वाढवलेत. चिपाचे बारीक तुकडे केले म्हणून चिपा कमी होतो का? आमच्याकडे एक म्हातारा रोज हीच चूक करतो. त्याला वाटतं आई फसवतेय."

"मग अर्धा कसा करायचा?" मिर्ताबाईंनी विचारलं.

"तुकडे आठच ठेवा. सहातले तीन कुणाला तरी देऊन टाका."

पुढच्या फेरीला पाऊणचा एक तृतीयांश आला. त्यांनी बोटांवर काहीतरी मांडलं, ब्लासकडे बघितलं, ब्लास मुद्दाम आभाळाकडे बघत बसला. त्यांनी पाव दाबलं. टाळ्या वाजल्या. मिर्ता बोगारिन हसल्या, तेव्हा त्यांचा एक दात किडलेला आहे हे सगळ्या शाळेला कळलं.

घंटा झाल्यावर मुलं दुधाकडे पळाली. नोएमी तेवढी राहिली. गोल संपेपर्यंत वाढणाऱ्याने उठायचं नसतं, आणि एर्मेलिंदाने आता खरा तेरेरे काढला होता.

मिर्ताबाई मांडीवर फॉर्म घेऊन गुण मोजू लागल्या. "उपकरणांचा वापर, दहापैकी एक. एकच होतं, मी काय करू?"

"एकच होतं," एर्मेलिंदा म्हणाली.

"कोणता सिद्धांत वापरलात? इथे चौकटीत खूण करायचीय."

चौदा पानांत लाल शाईने तीन नावं होती. एर्मेलिंदाने ती आठवून बघितली. खोटं बोलायची हीच वेळ होती. "आत्याच्या अंगणातला," ती म्हणाली.

"त्याला चौकट नाही." मिर्ताबाईंनी तिथे रेघ मारली, बेरीज केली, पुन्हा केली. "शहात्तर."

एर्मेलिंदाला मोटरसायकली अगदी जवळ आल्यासारख्या वाटल्या.

"एक रकाना राहिलाय," मिर्ताबाई म्हणाल्या. "पाठाआधी जे येत नव्हतं ते पाठानंतर आलं, असा एक पुरावा. पाच गुण. विद्यार्थ्याचं नाव, काय चुकलं, काय आलं. पण मुलांना तर सगळं येतच होतं. तुम्ही आधीच शिकवून ठेवलंय. मला पुरावा दिसला नाही."

"मला दिसला," नोएमी म्हणाली. तिने पेला भरला आणि मिर्ताबाईंपुढे धरला.

मिर्ताबाईंनी पेन पुन्हा उघडलं. मग फॉर्मवर वाकून त्यांनी लिहिलं: *विद्यार्थिनी, शेवटची खुर्ची. आधी पाऊणचा अर्धा सहा अष्टमांश सांगितला. नंतर अपूर्णांकाचा अपूर्णांक काढता आला.* वयाच्या जागी त्यांनी रेघ मारली. पाच गुण लिहिले, बेरीज एक्क्याऐंशी केली, खाली सही केली.

"बाई, हे तुम्ही कुणाला," पेला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे वरच्या ऑफिसात जर कुणी विचारलं, तर..."

नोएमीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

मिर्ताबाईंनी वाक्य तिथेच सोडलं, नळी तोंडात धरली आणि पेला रिकामा करून परत दिला.