मेकअपसुद्धा लागणार नाही

"परत म्हण," मेघनाकाकू म्हणाल्या.

मी परत म्हटलं. "बाईसाहेब, मले सुट्टी पायजे."

सगळे हसले. अमेरिकेत, रेडमंडमधल्या एका शाळेच्या जिममध्ये मराठी मंडळाच्या दिवाळी नाटकाची तालीम चालली होती. मी मोलकरीण होते.

खरं तर मी निवेदनासाठी नाव दिलं होतं. नागपूरला कॉलेजात मी सूत्रसंचालन करायची. इथं सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळते. पण निवडीच्या दिवशी बोलता बोलता तोंडून "मले वाटते" निघालं. नाटक बसवणाऱ्या काकूंनी मला थांबवलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"हं, तरीच," त्या म्हणाल्या. "निवेदनाला शुद्ध भाषा लागते गं. तू मोलकरीण कर. तुला मेकअपसुद्धा लागणार नाही."

आडनाव, भाषा, रंग. एका दमात तिन्ही. तेव्हाही सगळे हसले होते. घरी जाताना मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "आई, व्हाय डू दे लाफ व्हेन यू टॉक लाइक आजी?" मी पावसाकडं बघत ड्राइव्ह करत राहिले.

नोव्हेंबरात आमच्या ऑफिसात माजी सैनिकांच्या सन्मानाचा कार्यक्रम होता. माझ्या टीममधली रोझलिन नॅव्हाहो आहे, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात सैनिक होते. नॅव्हाहो भाषेवर बेतलेल्या संकेतांतून त्यांनी संदेश पाठवले. शत्रूला ते कधी उलगडले नाहीत. म्हणून रोझलिनला बोलायला बोलावलं होतं.

ती उभी राहिली आणि नॅव्हाहोतच बोलू लागली. आईचं कूळ, वडिलांचं कूळ. त्यांच्यात ओळख अशीच देतात. पुढं बसलेल्या साहेबांनी घड्याळ बघितलं. हसून म्हणाले, थोडक्यात, आणि इंग्लिशमध्ये, प्लीज.

रोझलिन थांबली नाही. सगळी कुळं सांगून झाली, मगच इंग्रजीकडं वळली. तिनं सांगितलं, आजोबा लहान असताना त्यांना सरकारी शाळेत नेलं. केस कापले. नॅव्हाहो शब्द बोलले म्हणून तोंडात साबण कोंबला. तोच मुलगा मोठा झाला, तेव्हा त्याच सरकारला त्याच तोंडातली भाषा हवी झाली. युद्ध संपल्यावर सांगितलं, याबद्दल गप्प राहा. कितीतरी वर्षं ते गप्प राहिले.

"तुम्ही त्या भाषेला शस्त्र म्हणता," ती म्हणाली. "आजोबा त्या भाषेत मेंढरं हाकायचे. मला झोपवायचे. युद्ध झालं नसतं, तर तिची काहीच किंमत नव्हती का?"

टाळ्या पडल्या. पण जरा उशिरा.

मला माझी माय दिसत होती. नागपूरला बँकेच्या काउंटरवर ती बोलायला लागली की आतला माणूस तिची नक्कल करायचा. माय मग बोलायचीच नाही, मला पुढं करायची. साबण न लावताही तोंड बंद करता येतं. आमच्या लोकांना ते छान जमतं. समुद्र ओलांडून आले, पण ते सोबत घेऊन आले.

पुढच्या तालमीला मी गेले ती मोलकरणीचं लुगडं परत करायला. सगळ्यांसमोर खुर्चीवर ठेवलं.

काकू म्हणाल्या, कॉमेडी आहे गं, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.

"काकू, मी हा रोल नाई करत," मी म्हणाले. "माह्या मायची भाषा कोनाले हसासाठी नाई देनार मी."

कुणी हसलं नाही. कुणी माझ्या बाजूनं उठलंही नाही. शो आठवड्यावर आला होता, काकूंना त्याचीच काळजी. त्यांनी दुसरी मोलकरीण शोधली.

शोधू देत. मी मंडळ सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या निवेदनाला मी नाव देणार. नाकारलं तर कारण विचारणार, सगळ्यांसमोर, माझ्या बोलीत. माझी भाषा कुणाच्या कामी येते हे मी सिद्ध करून दाखवणार नाही. ती कुणाच्याच कामी आली नाही, तरी ती भाषाच आहे. आणि ती बोलताना मी आवाज खाली घेणार नाही.