अब्राहाम परतला, मग इसहाक कुठे?

सिम्हाबाई पेणकर मूळच्या अलिबागच्या, मराठीच्या शिक्षिका. टोरोंटोत आल्यापासून त्या दर रविवारी सिनॅगॉगच्या बेसमेंटमध्ये बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या ज्येष्ठांना तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ मराठीतून समजावून सांगत.

त्या रविवारी अब्राहामाची गोष्ट होती. देवाच्या आज्ञेवरून तो इसहाकला, पोटच्या मुलाला, बळी द्यायला डोंगरावर नेतो आणि ऐन वेळी देवदूत त्याला थांबवतो.

"जाताना लिहिलंय, 'ते दोघं बरोबर गेले'," बाई म्हणाल्या. "उतरताना मात्र 'अब्राहाम परतला'. एकवचन. मग इसहाक कुठे गेला?"

मग त्यांनीच पुढे सांगितलं.

"तोरात एकही शब्द उगाच नाही, असं जुने पंडित मानत. एखादा गाळला असेल तर तोही मुद्दाम. म्हणून ते शोधत बसले. कुणी म्हणालं, बापाने त्याला शिकायला पाठवलं. कुणी म्हणालं, सुरी मानेला लागली तेव्हा भीतीनेच त्याचा प्राण गेला, मग देवाने तो परत दिला."

तेवढ्यात फोन वाजला. तासाभरावरच्या ग्वेल्फला राहणारा त्यांचा मुलगा अनुप सकाळी जाईला, त्यांच्या नातीला, घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला होता. यंदा थंडी कमी, बर्फ कच्चा. बाईंनी नको म्हटलं होतं. घरी पोचलास की कळव, एवढंच मग त्या म्हणाल्या.

'पोचलो घरी. नंतर बोलतो,' असा त्याचा मेसेज होता.

पोचलो. मी, की आम्ही? मराठीत कळायला मार्ग नव्हता. एरवी त्याचा एकही मेसेज जाईच्या नावाशिवाय नसे. अनुप फोन उचलेना. त्यांनी सुनेला लावला.

"आई, नंतर करू का?" ऊर्मीचा आवाज बसला होता.

"जाई कुठे आहे?"

"अनुप म्हणाला, तुम्हाला इतक्यात सांगू नको."

"ऊर्मी, पोरगी जिवंत आहे ना?"

"आहे हो, आहे! बर्फ फुटला, छातीपर्यंत आत गेली. अनुपने जॅकेट धरून ओढलं. मी इथे ग्वेल्फला हॉस्पिटलमध्ये आहे तिच्याजवळ. तो कपडे आणायला घरी गेलाय."

वर्गातल्या मोझेसकाकांनी बाईंना गाडीने हॉस्पिटलला पोचवलं.

जाई जागी होती. "आय हर्ड इट क्रॅक, आजी," ती पुटपुटली. अनुप कपड्यांची पिशवी घेऊन दारात आला, तशी तिने आजीची बाही घट्ट धरली. तो तिथेच थांबला.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून सोडलं, तर जाई त्याच्या गाडीत बसेना. शेवटी बाई तिला कुशीत घेऊन मागे बसल्या. अनुप आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता. जाईने डोळे मिटले होते, पण ती झोपली नव्हती.